येतानाची मिनिटं

मिनिटकाका जुनी घरं विकून द्यायचे. बाकीचे दलाल जाहिरातीत लिहीत, ‘सर्व सोयी हाकेच्या अंतरावर’. काका म्हणत, “एकदा मारून बघा की हाक. दातांचा डॉक्टर धावत येतो का पाहू.”

ते स्वतः चालत. मनगटावर घड्याळ, हातात चार किलो बटाट्यांची पिशवी. शाळा, बसथांबा, वाचनालय, इस्त्रीवाला, प्रत्येक ठिकाणाहून घरापर्यंत. “जाताना सगळेच पळतात. घर किती लांब आहे ते येताना कळतं.”

साहित्याची पदवी घेऊन मी घरी बसलो होतो, तेव्हा त्यांच्या जाहिराती लिहायला लागलो. पहिल्याच कागदावर ‘टुमदार’ आणि ‘प्रसन्न’ दोन्हींवर काट बसली. “विशेषणात कोणी राहत नाही, पंडित. मिनिटं लिही.” आमची मैत्री तिथून. त्यांचं वय माझ्या तिप्पट होतं.

त्यांचं स्वतःचं घर रांगेतलं शेवटचं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथल्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसे. काकू त्या खिडकीशी उभ्या राहून चहा प्यायच्या. त्या गेल्यावर काकाही तिथेच, उभ्यानेच पीत.

मुलगी दुसऱ्या शहरात. माझ्याकडे राहायला या, म्हणून वर्षभर मागे लागली होती. शेवटी आली आणि तिने त्यांचाच नियम काढला. साठीपुढच्या गिऱ्हाइकाला काका बजावत: औषधाचं दुकान दहा मिनिटांत नसेल तर घर घेऊ नका.

“मोजा बाबा. दहाच्या आत आलात तर पुन्हा विषय काढणार नाही.”

“सहा आहेत. मीच मोजलीत.”

“कधी?”

ती परत गेली आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी मला बोलावलं. घड्याळ माझ्या हातात दिलं.

औषधाच्या दुकानातून घरी निघालो. मैदानाच्या कुंपणाला धरून ते दोनदा थांबले. चपलेत खडा गेला म्हणाले. खडा नव्हता. मी पिशवीला हात लावला.

“रोज येणार आहेस का उचलायला?”

मी हात काढला. फाटकाशी पोचल्यावर त्यांनी विचारलं, “किती?”

“नऊ,” मी म्हणालो.

ते पायरीवर बसले. श्वास जागेवर येऊ दिला.

“निघालो तेव्हा शाळेची मधली सुट्टी झाली. आत्ता संपली. ती अर्ध्या तासाची असते, पंडित. पोरं घरी जेवून परत जातात, हे सांगून मी इथली कितीतरी घरं विकलीत.”

मी घड्याळ परत केलं. माझे कान तापले होते. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

“कागद काढ. या घराची जाहिरात.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी शाळा, बस, वाचनालय सांगितलं. मी लिहीत गेलो. मग औषधाचं दुकान आलं.

“अठ्ठावीस,” ते म्हणाले. “दोन इथे बसण्यात गेली.”

“काका, ती तुमची. घराची सहाच आहेत.”

त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

“मग सहा लिही. घराला कशाला बोल?”

आत जाऊन त्यांनी फोन लावला. पलीकडे मुलगी रडत असावी.

“रडतेस काय वेडे?” काका म्हणाले. “गिऱ्हाईक आलंय. खोली दाखव.”