चाचांनी न पाहिलेली ओळ

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. माझे वडील पत्रकं लिहायचे. आमच्या घरात अंकलिपीच्या आधी पत्रक हातात यायचं. भुतं, भानामती, अंगात येणं... या सगळ्याविरुद्ध मी चौकात उभं राहून कागद वाटलेत, अजूनही वाटतो. तरी हे लिहितोय. स्वतःच्या बाबतीत जे झालं ते लपवायचं आणि दुसऱ्याला खरं बोल म्हणायचं, हे मला जमणार नाही.

औरंगपुऱ्यात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि उरल्या वेळात आमची पत्रकं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. रोज दुपारी रशीदचाचा दुकानात येऊन बसायचे. वडिलांची पत्रकं ज्या छापखान्यात निघायची, तिथले ते जुने कंपोझिटर. शाळा उर्दूतली, निजामाच्या राज्यातली. मराठी अक्षरं ते छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर शिकले, म्हणजे उलटी. "सीधी मराठी मला नंतर आली बेटा," असं म्हणून स्वतःच हसायचे.

प्रूफ वाचायला मला त्यांनीच शिकवलं. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं कागदावर बोट फिरवायचं. आणि त्यांचा एक कायदा होता – "ज्याचा मॅटर, त्याला ऐकवल्याबगैर खिळे खणात टाकायचे नाय." खिळे खणात परत गेले की मजकूर संपला. त्याच खिळ्यांतून मग दुसऱ्याचा जुळवायचा.

हळूहळू चाचा विसरायला लागले. आधी चष्मा, मग दुकानाचा रस्ता. त्यांची मुलगी शबानाआपा एकदा दुकानात आली, म्हणाली, "पोलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताचं अब्बांनी आम्हाला कधी धड सांगितलं नाय. तुला सांगतेत. लिहून घे ना रे... सारं पुसून जायच्या आधी."

आठ-दहा दुपारी चाचा बोलले आणि मी टाईप केलं. रेकॉर्डिंग त्यांना चालत नव्हतं, मोबाईल समोर ठेवला की गप्पच बसायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, म्हणजे अठ्ठेचाळीस साली निजामाच्या राज्यात भारताचं लष्कर शिरलं, तेव्हा ते दहा वर्षांचे, पाचोडजवळच्या एका खेड्यात मामाकडे राहायचे. गावात माणसं माणसांच्या जिवावर उठली होती. शेजारच्या एका शेतकरी बाईनं त्यांना ज्वारीच्या कणगीत लपवलं. दोन दिवस. वरून ती भाकरी खाली सोडायची, भाकरीवर गुळाचा खडा. तिचं नाव चाचांना कधीच कळलं नाही.

मग आपा त्यांना वैजापूरला आपल्या घरी घेऊन गेली, आणि इकडे मी एकटा बसून मजकूर सजवायला लागलो. चाचांनी जन्मापासून सुरुवात केली होती. मी कणगीचा प्रसंग उचलून अगदी पहिल्या ओळीत आणला. आणि शेवटी एक ओळ माझ्या मनानं घातली – 'त्या दिवसापासून मी धर्म मानला नाही, फक्त माणूस मानला.'

चाचा पाच वक्ताचे नमाजी. हे मला ठाऊक होतं. पण ओळ काय जोरदार होती! शेवटाला घोषणा नसली तर मला मजकूर अळणी लागतो. चाचांना वाचून दाखवू, म्हटलं... नंतर.

आता चूक ऐका. आमच्या दुकानात नवी फाईल कुणी उघडत नाही. मागची उघडायची. समास, फॉन्ट, तळाची 'वाचा आणि दुसऱ्याला द्या' ही ओळ, सगळं तयार असतं. आतला मजकूर पुसायचा, नवा टाकायचा आणि आठवणीनं दुसऱ्या नावानं सेव्ह करायचं. चाचांची पुस्तिकाही मी तशीच लावली होती. त्या आठवड्यात शहरात एक बाबा आला. म्हणे, बंद पाकिटातली चिठ्ठी न उघडता वाचतो! माझं डोकं फिरलं. तासाभरात पत्रक लिहिलं, यादीतली सगळ्यात वरची फाईल उघडली, पुसली, नवं टाकलं, सेव्ह केलं, बंद. छापून गठ्ठा हातात आल्यावर लक्षात आलं... वरची फाईल चाचांची होती.

प्रिंट काढलेला नव्हता. पेनड्राइव्हवर कॉपी नव्हती. पैठण गेटजवळच्या ओळखीच्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे मशीनच उचलून नेलं. त्यानं दोन दिवस काय काय सॉफ्टवेअर चालवलं. चार वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका निघाल्या, एक दहाव्याचं कार्डही निघालं. चाचांची एक ओळ नाही. "डिलीट असती तर काढून दिली असती," तो म्हणाला. "तुम्ही त्याच जागेवर दुसरं घर बांधलंय भाऊ. आता खालचं कुठून काढू?"

रविवारी सकाळच्या एसटीनं वैजापूरला गेलो. कबूल तरी करावं म्हणून. आपानं ओट्यावरच ऐकून घेतलं. रडली नाही. "लोकांना शहाणं करत फिरतोस आणि स्वतःचा कारभार हा व्हय?" एवढंच बोलली आणि चहा टाकायला आत गेली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

चाचा खाटेवर बसले होते. मला त्यांनी माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. "वामनराव, आज कितने पन्ने?"

मी खाली बसलो. "चाचा, मॅटर गेला."

त्या एका शब्दानं ते ताठ झाले. "किसका मॅटर?"

"तुमचाच."

"प्रूफ ऐकवलं होतं त्याला?"

"नाही चाचा."

"मग खिळे कशाला सोडले रे बेवकूफ?" असं म्हणून त्यांनी डावी मूठ अर्धवट वळली, कंपोझिटर खिळे जुळवायची स्टिक धरतात तशी. उजव्या हाताची बोटं हवेत खण शोधायला लागली. आणि ते बोलायला लागले. "कणगीत ज्वारी कमी होती, म्हणून मी मावलो."

माझ्या फाईलची पहिली ओळ. मी वर आणलेली.

पिशवीत त्याच बाबाविरुद्धची पत्रकं होती. मागची बाजू कोरी. आपानं पेन आणून दिलं आणि मी लिहीत सुटलो. चाचा थांबत नव्हते. "पूर्णविराम. नया पॅरा." जिथं मी परिच्छेद तोडला होता तिथंच तोडत होते. सकाळी नाश्ता केला की नाही हे ज्यांना सांगता येत नव्हतं, ते चाचा! बावीस पत्रकं भरली. शेवटाकडे आले आणि म्हणाले, "त्या दिवसापासून मी धर्म मानला नाही, फक्त..."

बोटं हवेतच थांबली.

"ये किसने डाला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी पहिलं प्रूफ चुकवलं होतं तेव्हा पाहिलं होतं, तसंच. "ये मेरा मॅटर नई. निकाल बेटा. ती बाई पण तिच्या देवाला हात जोडूनच भाकरी सोडत होती. मी पाहिलंय खालून."

हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. मी माझी ओळ खोडली आणि तिच्या जागी हे लिहून घेतलं. माझ्यापेक्षा त्यांचा शेवट चांगला होता... किती चांगला, ते मला त्या क्षणीही कळत होतं.

नंतर मी हिशोबानं विचार केला. टाईप करताना मी मोठ्यानं वाचत असेन का? पण ती ओळ घातली तेव्हा चाचा वैजापुरात होते आणि दुकानात मी एकटा. कुणाला दाखवली नव्हती, फोनवर बोललो नव्हतो. योगायोग म्हणावा, तर मी बदललेला क्रम, मी तोडलेले परिच्छेद, हे सगळं एकाच योगायोगात बसत नाही.

पुस्तिका निघाली. या वेळी कायदा पाळला. छापण्याआधी वैजापूरला गेलो, आपानं मोठ्यानं वाचलं, कागदावर मी बोट फिरवलं. चाचांना काही ओळखीचं वाटत नव्हतं. "अच्छा मॅटर है, किसका है?" असं दोनदा विचारलं. शेवटच्या पानावर आपा त्या जागेपाशी आली, जिथं माझी ओळ होती आणि आता नव्हती. चाचांनी हात वर केला. आपा थांबली. ते क्षणभर कान देऊन बसले, मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हौ. निकाला. अब छाप."

बंद पाकीट वाचणाऱ्यांविरुद्ध मी आजही पत्रकं काढतो, आणि काढत राहीन. त्या खाटेवर काय झालं ते मात्र मला अजून सांगता येत नाही.