झाडाची पेटी

"सांगा मास्तर, येतो की नाही आपला माणूस निवडून?" गळ्याभोवती टेप धरून अण्णा विचारायचे. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याच्या हातात आपला गळा असताना नाही कोण म्हणेल? सगळे हो म्हणायचे, आणि त्या आनंदात अण्णा कॉलरचं माप विसरायचे.

कानडी मुलखात, बसवनगुडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणकामाचं दुकान, मागच्या खोलीत बिऱ्हाड. दोन बाबतीत माणूस हट्टी. एक, कापडाची कात्री कागदालासुद्धा लावू द्यायचे नाहीत. दुसरं, हा उमेदवार.

उमेदवार बाहेरचा. ना पक्ष, ना पैसा, ना गावात कुणी ओळखीचं. हॉटेलपुढच्या बाकावर चढून तो विचारी, "नळाला पाणी येतं?" लोक ओरडत, "इल्ला! नाही!" भाषण एवढंच. असा माणूस लोकसभेत जाईल? गर्दी मला दिसत होती, मतं दिसत नव्हती. आणि काळजी होती ती अण्णांची. दुकानाचे मालक मोठ्या पक्षाचे पुढारी. दर निवडणुकीला त्यांचे झेंडे अण्णाच शिवत. यंदा अण्णांनी नाही म्हटलं. मालक हसत म्हणाले, "सरी, ठीक. तुमचा माणूस आला तर खुशाल राहा. पडला तर सामान उचला."



तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चित्र; कागद ज्याच्या पेटीत टाकला त्याला मत. याचं चित्र झाडाचं. गल्लीतल्या बायकांना मत द्यायची काही सवय नव्हती, म्हणून अण्णांनी बटणांच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर खडूने झाड काढलं आणि चक्क तालीम घेतली. बायका एकेक करून येत, कागदाचा कपटा झाकणावर ठेवत आणि पिंपळाच्या कट्ट्यापुढे जोडावेत तसे हात जोडत. अण्णा खूश. "स्वल्प दाबून ठेवा हो अक्का, वाऱ्याने उडेल!"

मतदानाच्या संध्याकाळी मी दुकानातच होतो. अण्णांची बायको हौसेने सांगायला आली. "तुम्ही शिकवलं तस्संच केलं. सगळ्यांनी झाडाच्या पेटीवर कागद ठेवले."

"पेटीवर?"

"वरच की. तुमच्या डब्याला फट कुठं होती?"

अण्णांनी डबा उचलून झाकण उलटसुलट करून पाहिलं. पेटीच्या बाहेर राहिलेलं मत मोजत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

निकाल लागेपर्यंत ते मला रोज गाठून विचारत, "मास्तर, गल्लीच्या मतांवाचून अडेल का हो?" निकाल लागला. माणूस सपाटून पडला. आमच्यासारख्या पन्नास गल्ल्या मिळाल्या असत्या तरी आला नसता. मी परोपरीने समजावलं. अण्णांचं एकच, "माझ्या डब्याने पाडलं त्याला." मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

पुढच्याच आठवड्यात मी शाळेतून परतलो तर दुकान रिकामं. मशीन नाही, बिऱ्हाड नाही. कुठे गेले, कुणाला नीट सांगता येईना. फळीवर बटणांचा डबा तेवढा राहिला होता. झाकणावर झाड पुन्हा ठळक काढलेलं, आणि बुंध्याशी एक फट कापलेली. शेजारी ती कापडाची कात्री पडली होती. तिच्या पात्यांना खांडे पडले होते.