आवसेला समुद्र

टेंभुर्णीच्या गोजरबाईला मुलूख बघायचं भारी वेड. पण दुसऱ्यांच्या यात्रेच्या गाड्या वेशीपर्यंत पोचवता पोचवताच ती पंचेचाळिशीला टेकली. त्या साली कापूस लवकर वेचून झाला अन् शाळू अजून हिरवा होता, तसं तिनं नवऱ्याला, कडूबाला, गाडीवर सावलीसाठी ताट्या बांधायलाच लावल्या.

"दौलताबाद, वेरूळ अन् समुद्र," ती म्हणाली.

"पौषी आवसंपर्यंत जेवढं दिसंल तेवढं," कडूबा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी गाडी माघारी. शाळूच्या काढणीसाठी शेजारच्या रामकिसनला जबान देल्लीय."

"बराबर!"

मग काय, ओढ्याकाठी मुक्काम, तीन दगडांची चूल, गाडीखाली घोंगडी. दौलताबादच्या किल्ल्यात, अंधारी नावाच्या काळोख्या भुयारात, कडूबानंच तिचा पदर घट्ट धरला. वेरूळचे दगडी हत्ती बघून तो म्हणाला, "एवढ्यायला कडबा कोण पुरवीत असंल गं?" निजामाची हद्द सुटली, घाट उतरला, हवा ओलसर झाली. गोजरबाईचं तोंड रोज थोडं अधिक उजळत गेलं.

अन् समुद्र तीन कोसांवर असताना आवस उजाडली.

आवसेला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, ही कडूबाच्या आज्यापासूनची रीत. तो बैलांना चारा टाकून निवांत बसला.

"आवं, आज न्हाई तर कधीच न्हाई!"

"जुंपायचं न्हाई म्हंजी न्हाई."

"मंग मी पायी जाते."

"एकली? परमुलखात?"

"तुम्ही बी चला."

"अन् बैलं कुणाच्या भरवशावर सोडू?"

गोजरबाई उठली अन् तिनं ढवळ्या बैलाचा कासरा सोडला. "जुंपायचं न्हाई ना? चालवायला कोण न्हाई म्हणतंय? त्यायला बी आज सुट्टीच हाय, येऊ द्या फिरायला!"

कडूबानं उठून दुसऱ्या बैलाचा कासरा सोडला. गाडी एका म्हाताऱ्या कोळणीच्या अंगणात ठेवली अन् दोन माणसं, दोन बैल असे चौघं पायीच निघाले. वाटेतली माणसं हसायची, तर गोजरबाई त्यांनाच उलट विचारायची, "अजून किती लांब?"

ऐन दुपारी नारळीची झाडं संपली अन् पुढं नुसतं पाणी. आवसेची भरती. लाटा अंगावर धावून येत होत्या. गोजरबाईनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "आगं बया! याला पैलतीर न्हाईच की!"

कडूबा मात्र सवयीनं तहानलेले बैल पाण्यावर घेऊन गेला. ढवळ्यानं तोंड लावलं, फुर्रकन नाक शिंकरलं अन् दोन पावलं मागं सरला. कडूबानं ओंजळ भरून चाखली अन् थू थू करत धावत आला. "गोजरे, नुसतं मीठ हाय! एवढं पाणी, अन् जनावराच्या कामाचं न्हाई!"

गोजरबाई हसता हसता वाळूतच बसली. पुढची लाट कमरेपर्यंत भिजवून गेली, तरी ती उठली नाही.

"चल आता, दिसलं ना?" तो म्हणाला.

"दिसलं. जरा बसा, अजून बघून झालं न्हाई."

बैलांना मागच्या विहिरीवर पाणी पाजून कडूबा आला, अन् कासरे हातात धरून गपगुमान तिच्या शेजारी ओल्या वाळूत टेकला.