लेसर लपवलेला डोळा

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, काचबिंदूच्या ऑपरेशनआधी मी डॉक्टरांना साफ खोटं सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, या डोळ्यावर आधी काही उपचार झालेत का? मी म्हणालो, "छे, काही नाही."

खरं तर दीड वर्षापूर्वी मीच त्यांना मुंबईला नेऊन त्या डोळ्यावर लेसर करून आणलं होतं. सत्तरचं दशक संपत आलेलं. लेसर हा शब्द सोलापुरात इतका नवा, की पेठेतली एकही पानटपरी तो ऐकवल्याशिवाय मी सोडली नव्हती. पण एका डॉक्टरला दुसऱ्याचं नाव सांगायची आमच्यात पद्धत नव्हती. डॉक्टर रुसतो, 'मग त्यांच्याकडेच जा' म्हणतो, अशी पक्की समजूत. म्हणून मुंबईचे कागद मी पिठाच्या डब्यामागे सारले आणि आप्पांना बजावलं, तुम्ही तोंड उघडायचं नाही. जन्मभर गिरणीत माग चालवलेला माणूस; एक डोळा गेलेला, दुसऱ्यात उरलेली नजर वाचवायची होती. बिचाऱ्यांनी मान डोलावली.

डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग मला जवळ बोलावलं. "बुबुळाला वरच्या अंगाला बारीक भोक आहे. हे काय उंदरानं पाडलं?"

मी सायकल हाणत घरी गेलो आणि पीठ लागलेले कागद घेऊन आलो. डॉक्टरांचं रुसणं राहिलं बाजूलाच, उलट ते चवीनं वाचत बसले. म्हणाले, भोक लेसरचंच, त्यानं काही बिघडलेलं नाही, ऑपरेशन होईल. पण असा डोळा नंतर जास्त सुजू शकतो, आणि सुजला की आतलं पाणी बाहेर जायला आपण केलेली वाट बुजते. डोळ्यातला दाब पुन्हा चढतो. म्हणून आधी आठवडाभर थेंब घालू, मगच हात लावू.

ऑपरेशननंतर पट्टी सुटली त्या सकाळी आप्पांनी डॉक्टरांची बोटं मोजली, कॅलेंडरवरची तारीख वाचली आणि खिडकीबाहेरच्या बकऱ्यासुद्धा मोजून दाखवल्या. मी आनंदानं वॉर्डभर पेढे वाटत सुटलो. उपाशीपोटी ऑपरेशनला निघालेल्या एका काकांच्या तोंडातला पेढा नर्सबाईंनी बोट घालून काढला.

घरी थेंब कोण घालणार, डॉक्टरांनी विचारलं. मी लगेच पुढं झालो.

"ह्याची आई घालंल," आप्पा म्हणाले. "ह्याच्या भरवशावर ऱ्हायलो तर हाय त्यो डोळा बी जाईल."