निळ्या झाकणाची टाकी

आमच्या ट्रकच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, तेव्हा घरात तज्ज्ञांची टंचाई नव्हती. नवरा बावीस वर्षं गाडी चालवतोय. सासऱ्यांनी त्याच्याआधी तीस वर्षं चालवली. मी सामान बांधणारी आणि त्याची यादी करणारी, त्यामुळे माझं मत विचारायचा प्रश्नच नव्हता.

आम्ही लोकांची घरं हलवून देतो. येरवड्यातून सकाळी निघायचं, एका सोसायटीतला संसार उचलायचा आणि दुसऱ्या सोसायटीत नेऊन ठेवायचा. त्या सोमवारी गाडी सुरू केली. एरवी सगळे दिवे क्षणभर लागून विझतात. हा विझेना.

"दिवा लागलाय," मी म्हणाले.

"दिसतंय मला."

"पण का लागलाय?"

"आवाज ऐक इंजिनाचा. काही झालंय का त्याला? नवीन गाड्यांची नाटकं असतात."

दुसऱ्या दिवशी त्याने त्यावर उपाय शोधला. काळी चिकटपट्टी घेतली आणि दिव्यावर लावली. दिवा दिसेना, म्हणजे बिघाड गेला. सासऱ्यांनीही पसंती दिली. "आमच्या गाडीला असले दिवे नव्हते. तरी आम्ही नागपूर गाठत होतो."

गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक कप्प्यात पडून होतं. गाडी आणली तेव्हा त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. वाचायचं असतं हे कुणाला सुचलं नव्हतं. मी वाचलं. लाल दिवा लागला तर जागच्या जागी थांबा, पिवळा लागला तर लवकरात लवकर दाखवून घ्या, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कारणं मात्र पानभर होती. मी नवऱ्याला वाचून दाखवायला लागले.

"पुस्तक लिहिणाऱ्याने कात्रजचा घाट चढवलाय का कधी?" त्याने विचारलं. मी पुस्तक मिटलं.

शुक्रवारी एका आयटीतल्या मुलाचं सामान सिंहगड रोडला न्यायचं होतं. मांडीवर झाडाची कुंडी घेऊन तो आमच्याबरोबर पुढेच बसला. स्वारगेटच्या अलीकडे गाडीचा दम गेला. नवरा ॲक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी बैलगाडीच्या चालीने सरकतेय. मागच्या वाहनांनी हॉर्न वाजवून आमचं सांत्वन केलं. एक स्कूटरवाले काका खास वळसा घालून खिडकीशी आले आणि म्हणाले, "अहो, ढकलत नेलीत तर लवकर पोचाल."

मुलाची नजर चिकटपट्टीवर गेली. "दादा, हे काय झाकलंय?"

"काही नाही."

मुलाने पट्टी सोलली. पिवळा दिवा ताजातवाना. "वॉर्निंग लाइटवर टेप?" तो म्हणाला. "आमच्या ऑफिसातपण असंच करतात."

जवळच एका गल्लीत ओळखीचे मिस्त्री होते. त्यांनी स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं, पडदा वाचला, मग डिझेलच्या टाकीशेजारची छोटी टाकी उघडली. तिचं झाकण निळं. आत बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला.

"यात पाणी कोणी घातलं?"

मिस्त्रींनी मग लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं. या टाकीत युरियाचं द्रावण असतं. ते धुराच्या नळीत फवारलं जातं आणि धूर साफ होतो. पाणी मिसळलं की धूर साफ होत नाही. ते गाडीला कळतं, ती दिवा लावते. "आठवडाभर सांगत होती बिचारी. तुम्ही ऐकेनात, म्हणून तिने जोर काढून घेतला. इंजिन ठणठणीत आहे. टाकी धुऊन देतो."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही डोक्यात एकच नाव. दर रविवारी सासरे बादली घेऊन ट्रक धुतात. त्या ट्रकवर त्यांचा आता तेवढाच अधिकार उरलाय. डोळ्याला मोतीबिंदू. टाकी कमी भरलेली दिसली असेल, घातलं असेल मायेने तांब्याभर.

नवऱ्याला बोलायला आयती संधी होती. तो बापाला सहसा सोडत नाही. मुलाचं सामान पोचवून संध्याकाळी घरी आलो. गाडी मिस्त्रींकडे असल्याचं फोनवर कळवलं होतं, त्यामुळे सासरे ओट्यावर वाट बघत होते. "काय निघालं रे?"

"उंदराने वायर कुरतडली होती," नवरा म्हणाला आणि हात धुवायला आत गेला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला इतकं वाईट खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं, आणि त्याचा इतका अभिमानही वाटला नव्हता.

सासऱ्यांनी तो आत गेल्याची खात्री केली. मग मला म्हणाले, "उंदीर फार शिकलेला दिसतोय. ते पुस्तक आण जरा."

मी निळ्या झाकणाच्या टाकीचं पान वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. युरिया कुठून फवारतात, धूर कुठे जातो, सगळं विचारलं. इतकं लक्ष देऊन आमच्या घरात माझं कुणी ऐकलं नव्हतं.

"मी रेडिएटरची टाकी समजून पाणी घातलं," शेवटी ते हळूच म्हणाले. "त्याला सांगू नकोस."

"नाही सांगत," मी म्हणाले. आत नळ बंद झालेला होता आणि नवरा दाराआड उभा होता, हे मला दिसत होतं. तो बाहेर आला तो तीन कप चहा घेऊनच.

"बाबा, रविवारी मीपण येतो धुवायला," तो म्हणाला.

"ये की. पण मध्ये मध्ये शिकवू नकोस."