ओट्यावरची प्रार्थना

माझी लेक आणि जावई समुद्रातल्या एका देशात राहतात. जावई उपदेशक, लेक नर्स. त्या देशाचं नाव माझ्या जिभेवर अजून बसलं नाही. नुसती बेटंच बेटं. ते गेले तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात दोन-चार घरं प्रार्थनेला जमायची. मग झावळ्यांचं छप्पर झालं, मग पत्रे आले. शेजारच्या बेटावरून माणसं होडीनं येऊ लागली, तेव्हा तिथंही प्रार्थनेची मंडळी उभी राहिली. यंदा पक्कं चर्च बांधलं.

तिथं रीत आहे, नव्या वास्तूसाठी पहिला शब्द उपदेशकाच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईनं काढायचा. तोवर दार उघडत नाहीत. जावयाला आई नाही. लेक फोनवर म्हणाली, "आई, तूच कर प्रार्थना. आपल्या बोलीत कर. मी सांगीन त्यायले त्यायच्या भाषेत."

मी मंडळीतही कधी मोठ्यानं बोलले नाही. घरी प्रार्थना करते ती दार लावून. आणि आमच्या रिठद गावात रेंज येते ती फक्त ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर.

रविवारी सकाळी मी ओट्यावर बसले. समोर धाकटे दीर चहा पीत होते. घरात आता मी एकटीच येशूची.

"पोरगी समुद्रात टाकली, आता गल्लीत काय मांडून राह्यल्या वहिनी? आत जा ना! लोकं हासतीन."

"आत रेंज नाही, भाऊजी."

फोनमध्ये बंद दार दिसत होतं आणि त्यापुढे माणसंच माणसं, सगळी माझ्या शब्दाची वाट बघत. पदर डोक्यावर घेतला. आधी आवाज फुटेना. मग फुटला तो थांबेना. भिंतींसाठी मागितलं, होड्यांसाठी, आजाऱ्यांसाठी मागितलं. आणि सवयीनं म्हणून गेले, "आमच्या सोयाबीनले भाव भेटू दे."

लेक हसली, पण तिनं तेही सांगितलं. तिकडे सोयाबीन कोणी पाहिलेलं नाही, तरी सगळे "आमेन" ओरडले. दार उघडलं.

दीर म्हणाले, "सोयाबीनचं आमेन मीबी म्हन्तो. पन बाकीचं आत करत जा."

"सोयाबीन तुमचं, तं आमेन गल्लीत. देव माहा, तं दार लावून? नाई जमत, भाऊजी."

ते चहाचा कप घेऊन उठून गेले.

आता नवा टॉवर झालाय. घरातही रेंज येते. मी रविवारी सतरंजी ओट्यावरच टाकते.