हात्सुएचं मडकं

वर्ष सरताना सगळं गाव घरं घासूनपुसून काढतं. हात्सुएच्या घरात या खेपेला घासताघासता दुकानाचा जीवच गेला.

"माझं मडकं कुणी धुतलं?"

ओरडणं असं की भट्टीपाशी उभ्या लेकाच्या हातून ट्रे निसटला. मडक्यात भात आणि कोजीचं, म्हणजे बुरशी चढवलेल्या तांदळाचं, आंबवण होतं. सासऱ्यांनी लावलेलं आणि नवरा तोकुजी गेल्यापासून बावीस वर्षं तिनं एकटीनं जपलेलं. ताप असो, भूकंप असो, पहाटे आधी त्याला खाऊ घालायचं, मग स्वतः चहा. त्याच्याच जोरावर पीठ फुगायचं आणि पोटात गोड सारण, बेंबीवर खारवलेलं चेरीचं फूल घेऊन अनपान पाव भट्टीतून बाहेर पडायचा. बाजारच्या यीस्टचं नुसतं नाव काढलं तरी हात्सुए अंगावर यायची. आता नव्या वर्षात चार तारखेला दुकान उघडायचं ते कशाच्या जिवावर?

सून कानाए ओल्या हातांनी पुढे आली. "मी धुतलं, आई. उकळत्या पाण्यानं. आंबूस वास मारत होता."

"वास मारत होता म्हणे! डोकं कुठं गहाण ठेवलं होतंस? साठ वर्षांचं आंबवण मोरीत ओतलंस!"

"घाण वासाचं एक भांडं घरात दिसता कामा नये, असं काल तुम्हीच बजावलंत."

"तोंड वर करून बोलू नकोस! अकरा वर्षं या दुकानात आहेस, एवढं कळत नाही?"

कधी आवाज न चढवणाऱ्या कानाएनं फडकं ओट्यावर आपटलं. "कसं कळणार? एकदा तरी झाकण उघडू दिलंत? मी आले की पाठ फिरवून उभ्या राहायचात. काउंटरवर राबायला मी घरची आणि मडक्यापाशी परकी! उद्या तुमचं काही बरंवाईट झालं असतं, तरी ते असंच मेलं असतं!"

पोरीचं खरं होतं, म्हणून तर हात्सुएला जास्तच संताप येत होता. तोकुजीही असाच पाठ करून उभा राहायचा मेला. कृती सांगितली ती शेवटी इस्पितळातल्या खाटेवरून, धापा टाकत, तीही अर्धीच.

तिनं तांदळाचा डबा दाणकन ओट्यावर आदळला. "बघत काय बसलीस? भात चढव!"

भात निवल्यावर कानाए त्यात कोजी कालवायला लागली.

"अगं, चिखल तुडवतेस काय? सरक!" हात्सुए खेकसली. "माझ्या हाताकडे बघ."

आणि मडकं दोघींच्या मधोमध ओढून घेतलं.